तहकूब उन्हाळा

“गवाही क्या दूध की थैली है, घर पे डाल के जाने को?”

रावसाहेब टेबलावर उभे राहून ओरडत होते. टेबल शिसवी, निजामाच्या अमदानीतलं. त्यानं आजवर कितीतरी अध्यक्षांचे बूट सोसले होते, पण रावसाहेबांच्या वजनाखाली ते असं कण्हलं की मागच्या रांगेत डुलक्या घेणारे दोन ज्येष्ठ वकील “हरकत आहे!” म्हणत दचकून जागे झाले. छताचा पंखा रावसाहेबांच्या टकलापासून वीतभर वर फिरत होता. त्यांनी हात उंचावला की आम्ही सगळे श्वास रोखून धरायचो. बहुतेकजण काळजीनं, उपाध्यक्ष आशेनं.

“ये बिल होना क्या?”

“नक्को!” सभागृह गरजलं. त्या आवाजानं म्हणे कोठी भागातल्या पुस्तकवाल्यांकडची कायद्याची पुस्तकं आपोआप मिटली. मी काही ते पाहिलं नाही. पण सांगणारा वकील होता, आणि शपथेवर नसताना वकील सहसा खोटं बोलत नाही.

रावसाहेब आमच्या राज्याच्या वकील संघाचे अध्यक्ष. जन्मानं तेलुगू, शिक्षणानं इंग्रजी आणि राग आला की अस्सल दखनी. दिल्लीत एक विधेयक येऊ घातलं होतं. दिवाणी दाव्यांना फार वर्षं लागतात, म्हणून त्यात म्हटलं होतं की साक्षीदाराची साक्ष यापुढे न्यायाधीशासमोर घ्यायची गरज नाही. कोर्टानं नेमलेला एखादा वकील कुठल्याही खोलीत बसून, वाटल्यास साक्षीदाराच्या घरी जाऊनसुद्धा, ती लिहून घेईल. शिवाय लहान दाव्यांत दुसरं अपील बंद. आमच्या संघानं या विधेयकाविरुद्ध भूमिका घेतली होती, आणि त्या दुपारी ठरत होतं ते हे, की ते मागे घेईपर्यंत राज्यातला एकही वकील कोर्टात पाऊल ठेवणार नाही.

मी तिसऱ्या रांगेत होतो. सगळ्यांबरोबर माझाही हात वर होता, पण दुसऱ्या हातानं मी खिशातली तारखांची डायरी चाचपत होतो. ज्या दिवसापासून बहिष्कार, त्याच दिवशी माझ्या एका साक्षीदाराची तारीख होती. एकुलता एक साक्षीदार. आणि वय असं की ते विचारायचं धाडस कोणी करत नसे, कारण ते स्वतःच दर वेळी नवं सांगत.

हा उन्हाळा दर वर्षी परत येतो. बरकतपुऱ्यातल्या माझ्या घरी माळ्यावरून कूलर खाली उतरतो, जुन्या ताट्या फेकून वाळ्याच्या नव्या ताट्या बसतात, पहिलं पाणी सुटतं आणि तो ओला, मातकट, हिरवा वास घरभर पसरतो. बाहेर फुटपाथवर लोणच्याच्या कैऱ्या फोडून देणारे येऊन बसलेले असतात, त्यांच्या कोयत्यांचा खट्‌खट् आवाज खिडकीतून येतो. माझी सून पुण्याची. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला काचेच्या इमारतीत तिची कंपनी. ती कूलरसमोर डोळे मिटून उभी राहते आणि म्हणते, “बाबा, काय भारी वास आहे ना!” मी हो म्हणतो आणि उठून व्हरांड्यात जातो. घरच्यांचा समज असा की मला कूलरची हवा बाधते. समज अगदीच चुकीचा नाही.

भूमिका घेणं हे आमच्या संघाचं व्यसन होतं. दुसरे लोक पान खातात, आम्ही भूमिका घ्यायचो. कोर्टानं नियम काढला की अर्ज अमुक आकाराच्या कागदावरच करावेत. संघाची भूमिका: कागदाच्या लांबीत पक्षकाराचा मूलभूत हक्क आहे. कॉम्प्युटरवर टाईप केलेले अर्ज चालतील असं निघालं. संघाची भूमिका: ज्या यंत्राला घाम येत नाही त्यावर विश्वास ठेवू नये. उन्हाळ्यात काळ्या कोटातून सूट मिळावी हा ठराव तर आम्ही एका चैत्रात मांडला. त्यात ‘कोट’ या शब्दात गळ्याची पट्टी येते की नाही यावर वाद झाला, उपसमिती नेमली, उपसमितीत फूट पडली, आणि ठराव मंजूर झाला तेव्हा डिसेंबर उजाडला होता. त्या वर्षी हैदराबादला अशी थंडी पडली की मुसी नदीकाठचे कावळे खाकरत होते, आणि आम्ही आमचा हक्क बजावायचा म्हणून नुसत्या सदऱ्यांत कुडकुडत युक्तिवाद करत होतो. चौघांना न्यूमोनिया झाला. संघानं न्यूमोनियाचाही निषेध केला.

तेव्हा देशाची दारं नुकती सताड उघडली होती. शहरात रोज काहीतरी नवं उतरत होतं: छपरांवर तबकड्या, कमरेला पेजर, आणि ज्याला आला फोन घ्यायचेही पैसे पडतात असा मोबाईल, तो वाजला की मालक कापून टाकायचा आणि नाक्यावरच्या स्वस्त फोनकडे धावायचा. रावसाहेबांचं म्हणणं असं, की हे विधेयक आपल्या लोकांसाठी नाहीच. “बाहेर की कंपन्यां आ रे. उन कू फैसला पिझ्झे के सरीका गरम होना, आधे घंटे में!” रावसाहेबांनी पिझ्झा खाल्ला नव्हता. पण भूमिका घ्यायला खावं लागतंच असं नाही.

आणि तरी सांगतो, भूमिका बरोबर होती. हेच तर दुखणं. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, एक हात कठड्यावर ठेवतो, प्रश्न आला की आधी दाराकडे पाहतो. खोटं बोलणाऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात, खरं बोलणारा मध्येच पाणी मागतो. हे न्यायाधीशानं पाहायचं असतं. कुठल्याशा खोलीत पंख्याखाली टंकलेल्या कागदाला कानाच्या पाळ्या नसतात. मी स्वतः हे तावातावानं बोललो होतो आणि टाळ्या घेतल्या होत्या. बरोबर भूमिकेनं एखाद्याचा गळा कसा आवळला जातो, हे कळायला मला अनसूयाबाई भेटाव्या लागल्या.

बेगम बाजारात मिरचीच्या गल्लीतून शिंकत शिंकत, डोळे पुसत बाहेर पडलं, की समोर त्यांचं दुकान. सुतळी, काथ्याचे दोर, पोती. अनसूयाबाई बिदरजवळच्या भालकीकडच्या शेतकरी घरातल्या, लग्न होऊन इथं आल्या, आणि नवरा गेल्यावर गल्ल्यावर बसल्या. नायलॉनच्या दोऱ्या आल्यापासून गिऱ्हाईक निम्म्यावर आलेलं, पण बाई हटल्या नव्हत्या. दोर हातावर मोजायच्या, आणि मापात कधी बोटभरही कमी नाही, एखाद वेळी बोटभर जास्तच.

हे दुकान म्हणजे एका मोठ्या दुकानाचा अर्धा भाग. त्यांचा नवरा आणि थोरला दीर, दोघा भावांनी वाटणी केली होती, पण कागदावर नाही. दुकानाच्या मधोमध काथ्याचा दोर ताणला. एक टोक थोरल्यानं धरलं, दुसरं शेजारच्या दुकानातल्या ख्वाजा मियाँनी. थोरला म्हणाला, “इकडचं माझं, तिकडचं तुझं.” धाकटा म्हणाला, “बरं.” झाली वाटणी. त्या काळच्या बेगम बाजारात तेवढं पुरायचं. मग दोघेही भाऊ गेले, आणि थोरल्याचा मुलगा दिगंबर कोर्टात आला: सगळं दुकान माझ्या बापाच्या नावावर, काकूला आम्ही दयेनं बसू दिलं, आता तिनं उठावं. त्याला तिथं प्लास्टिकच्या बादल्यांचं मोठं शोरूम काढायचं होतं.

“दोर?” दिगंबर उलटतपासणीत म्हणाला. “कसला दोर? दुकानात सगळे दोरच आहेत.”

कोर्ट हसलं. मीसुद्धा हसलो असतो, पण मी बाईंचा वकील होतो.

अनसूयाबाईंनी वाटणी नुसती ऐकली होती, डोळ्यांनी पाहिलेला, दोराचं दुसरं टोक धरणारा माणूस तेवढा उरला होता. ख्वाजा मियाँ टांग्यांचं सामान विकायचे: लगाम, चाबूक, घोड्यांच्या डोळ्यांची झापडं. शहरातले टांगे गेले, घोडे गेले, मियाँ मात्र दुकान बंद करून कोठीच्या मागच्या गल्लीत मुलाकडे ऐटीत राहत होते. त्यांनी कोर्टात बोलायची तयारी वर्षानुवर्षं केली होती, कारण तारखा वर्षानुवर्षं पडत होत्या. खास त्यासाठी शेरवानी शिवून घेतलेली. तारीख लागली की ती धुऊन, इस्त्री करून खुंटीवर. तारीख गेली की पुन्हा पेटीत. ती एकदाही कोर्टात न जाता दोनदा उसवून ढिली करावी लागली होती.

बहिष्काराच्या आधीच्या थंडीत मी त्यांना सुचवलं होतं, “मियाँ, तब्येत बरी नसली तर कोर्ट माणूस घरी पाठवतं. आजारी साक्षीदारासाठी तशी सोय आजही आहे. इथंच बसून सांगा.”

मियाँ केवढ्यानं खवळले! “वकील साब, खटिया पे पड़ के लोगां वसीयत बोलते, गवाही नहीं बोलते. मैं जज साब के सामने खड़ा रह के बोलतूं.”

म्हणजे मियाँचीही भूमिका होती. या शहरात तेव्हा ज्याच्या त्याच्यापाशी भूमिका होती. नव्हती फक्त अनसूयाबाईंकडे. त्यांच्याकडे दुकान होतं.

बहिष्काराच्या पहिल्या दिवशी मी मियाँना निरोप पाठवला होता, येऊ नका. निरोप पोचायच्या आत मियाँ निघाले. कोर्टाच्या पायऱ्यांवर रावसाहेबांसह सगळे वकील बसकण मारून, काळ्या कोटांची नुसती रास, जणू गोदामात कोळसा उतरवलाय. त्या राशीसमोर ऑटो थांबली आणि त्यातून उतरले ख्वाजा मियाँ: शेरवानी, उंच लाल टोपी, कानात अत्तराचा बोळा. अत्तर असं की पहिल्या तीन पायऱ्या आपोआप रिकाम्या झाल्या.

“मेरेकू अंदर जाना है. आज मेरी गवाही है.”

“कोर्ट बंद है, चाचा,” रावसाहेब म्हणाले. आणि मग त्यांच्यातला पुढारी जागा झाला. पेपरवाले उभे होते. “चाचा, तुमेच बोलो सबको. गवाही किधर होना? घर में क्या कोर्ट में?”

मियाँनी टोपी सावरली. “कोर्ट में! जज साब के आंखां में आंखां डाल के! घर में बोले तो वो गवाही नहीं, गप्पां है!”

पायऱ्या हादरल्या. कुणीतरी मियाँना उचललं, कुणीतरी हार घातला, रावसाहेबांनी त्यांना मिठी मारली. मियाँ जे बोलायला आले होते त्यातलं एक अक्षर न बोलता, पुढचा अर्धा तास बाकी सगळं बोलले: निजामाचे घोडे, टांग्यांची शर्यत, लगामाच्या चामड्याचे प्रकार. टाळ्यांवर टाळ्या. मी घसा फोडून सांगत होतो की हा माझा साक्षीदार आहे, पण त्या दिवशी घसा फोडणारे सगळेच होते.

फाटकाशी अनसूयाबाई उभ्या होत्या. हातात मियाँसाठी आणलेला डबा. “झाली का साक्ष?” त्यांनी विचारलं. लांबून त्यांना वाटलं, हार घातला म्हणजे झालीच.

“भाषण झालं, बाई,” मी म्हणालो. “साक्ष नाही झाली.”

बहिष्कार आठवडाभर चालेल म्हणाले होते. एका आठवड्याचे किती झाले, मला विचारू नका. मी वकील आहे, वाढवून सांगेन. ऊन असं तापलं की डांबरात लोकांच्या चपला रुतून बसायच्या आणि माणसं अनवाणी पुढं निघून जायची. आम्ही मात्र रोज पायऱ्यांवर, खरबुजाच्या फोडी खात, घोषणा देत. आणि आत कोर्टात न्यायाधीश मंडळी एकटीच बसून एक जुना रिवाज पाळत होती: वकील बहिष्कारावर असले की कुणाच्याही विरोधात हुकूम करायचा नाही. फक्त पुढची तारीख द्यायची. केवढा मनाचा मोठेपणा! त्या मोठेपणात सगळं शहर तारखांखाली गाडलं जात होतं, आणि कुणाला ओरडावं तर ओरडणारे आम्हीच.

मग एके सकाळी मियाँच्या सुनेचा निरोप आला. मी धावलो. मियाँ खाटेवर, तोंड एका बाजूला ओढलेलं, डावा हात उशीवर ठेवून दिल्यासारखा. कोठीच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, हा पहिला झटका, दुसरा येऊ शकतो. मियाँ हळूहळू, शब्द गोळा करत बोलले. “वकील साब. वो घर कू आनेवाले कू... बुलाओ. मैं पड़े-पड़े बोलतूं.”

त्या माणसानं आपली भूमिका सोडली होती. त्यात किती गेलं असेल ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. आता फक्त आमच्या संघानं सोडायची होती.

मी तसाच रावसाहेबांच्या खोलीत. उपाध्यक्षही होते.

“रावसाहेब, मला एका साक्षीची परवानगी द्या. एकच साक्ष. घरी जाऊन.”

रावसाहेबांनी हातातला कागद टेबलावर ठेवला. “जाधवसाब, हमारा ठराव क्या है?”

“साक्ष घरी घ्यायची नाही.”

“और तुम क्या पूछ रे?”

“साक्ष घरी घ्यायची आहे. आजारी माणसाची, साहेब. ते तर जुन्या कायद्यातही आहे!”

“हे दिल्लीवाल्यांना सांगा,” उपाध्यक्ष मध्येच म्हणाले. “उद्या तेच म्हणतील, बघा, तुमचेच वकील घरोघर हिंडतायत. आणि तेही कोण? पेपरात ज्याचा फोटो आला तोच चाचा!”

फोटो आला होता, खरंच. हार गळ्यात, हात वर.

“बहिष्कारातून जामिनाच्या कामाला सूट आहे ना?” मी म्हणालो. “मग याला का नाही?”

“जामीन माणसाला लागतो,” उपाध्यक्ष म्हणाले. “दुकान काय कोठडीत बसलंय?”

“दुकान जाईल, साहेब! ही बाई रस्त्यावर येईल. मियाँ मरतायत!” मी, जो भर कोर्टात कधी पाणीसुद्धा पीत नाही, तो मी हात जोडून उभा होतो.

रावसाहेब खुर्चीवरून उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. “सब मरते, जाधवसाब. ठराव मरा तो पूरे राज्य का वकील मरता.” आणि मग, तितक्याच मनापासून, “डॉक्टर कौन है? मैं बोलतूं उसकू. फिकर नक्को.”

ते वाईट नव्हते. त्या संध्याकाळी मियाँच्या घरी रावसाहेबांकडून आंब्यांची पेटी आली आणि शहरातला सगळ्यात मोठा डॉक्टर फुकट तपासून गेला. सगळं आलं. फक्त एक वकील आणि एक टाईपरायटर तेवढा आला नाही.

मग मी बहिष्कार मोडला. पायऱ्यांवरून जाता येणं शक्य नव्हतं, तिथं आमचीच माणसं. म्हणून कॅन्टीनच्या स्वयंपाकघरातून घुसलो. कढईत समोसे तळले जात होते, आचारी म्हणाला, “साब, तुम वकील क्या चोर?” मी म्हणालो, “आज दोन्ही.” पिठाच्या कोठाराच्या मागून, कोटावर पीठ, मी कोर्टात उभा राहिलो तेव्हा न्यायाधीश एकटे बसून पेन्सिलीला टोक काढत होते. माझ्याकडं पाहून त्यांना भूत पाहिल्यासारखं झालं.

मी सगळं सांगितलं. विनवलं. वय, झटका, दोर, बाई, सगळं.

“दुसऱ्या बाजूचे वकील?” त्यांनी विचारलं.

“बाहेर घोषणा देतायत.”

“साक्ष घ्यायला नेमू कुणाला? सगळे वकील बाहेर.”

“मला नेमा.”

“तुम्ही त्याच बाजूचे.” त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांना वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. ज्याला बघावं त्याला त्या उन्हाळ्यात वाईट वाटत होतं. “तुमच्या पक्षकाराविरुद्ध मी काही करणार नाही, वकीलसाहेब. निश्चिंत राहा. पुढची तारीख घ्या.”

दुसऱ्या सकाळी संघाच्या फळ्यावर माझ्या नावाचा निषेध होता. कॅन्टीनमध्ये मला चहा मिळेना. आचाऱ्यालाही ठराव लागू झाला होता.

एका दुपारी मियाँची शुद्ध चांगली होती. त्यांनी सुनेला शेरवानी आणायला सांगितली. तिनं ती त्यांच्या अंगावर पांघरली, बाह्या रिकाम्याच लोंबत होत्या, टोपी घातली, उशा लावून बसवलं. मला म्हणाले, “पूछो.”

मी विचारलं, जसं कोर्टात विचारलं असतं तसंच. नाव. धंदा. दोघा भावांना ओळखता का? ते उत्तरं देत गेले. शब्द जड, पण एकही वाकडा नाही. कुठला दोर, किती जाड, कुणाच्या पाठीमागं भिंत होती, थोरला काय म्हणाला, धाकटा काय म्हणाला, दोराचं टोक धरताना तळहाताला कसा चरचरीत काचला. “‘बरं’ बोला वो छोटा. एकीच लफ़्ज़. मैं सुना.” बोलून झाल्यावर त्यांनी पाणी मागितलं.

आयुष्यभर साक्षी ऐकल्या मी. इतकी पक्की साक्ष ना त्याआधी ऐकली ना नंतर. आणि ऐकणारे कोण? मी, डोळ्याला पदर लावलेली सून, आणि खिडकीतला कूलर. वाळ्याचा वास नुसता घुमत होता. कूलर घुर्रघुर्र करत होता, जणू काही लिहूनच घेतोय. मला वाटलं उठावं, ते यंत्र खांद्यावर घ्यावं, कोर्टात नेऊन पिंजऱ्यात उभं करावं, आणि म्हणावं, महाराज, याला शपथ द्या, यानं ऐकलंय!

दुसरा झटका आला तो त्याच आठवड्यात. मियाँचे डोळे उघडे राहिले, जीभ गेली. रावसाहेबांच्या पेटीतले आंबे पिकून घरभर वास सुटला होता तेव्हा ते गेले.

आता मी कधी कोर्टात जातो, सवय म्हणून. पाठीमागच्या एका खोलीत एक तरुण वकील पोरगी पंख्याखाली बसून एका बाईची साक्ष लिहून घेत असते. ती पोरगी मोबाईलवर मध्येच काही बघते, मग पुढचं वाक्य टंकते. होय, तोच कायदा. आम्ही थांबवलेलं विधेयक काही वर्षांनी कपडे बदलून परत आलं, शांतपणे, आणि कुणी टेबलावर चढलं नाही. मी त्या खोलीच्या दारात उभा राहतो आणि मला कळत नाही की रागावू की रडू. घरपोच साक्ष! मियाँ, तुमच्यासाठी एकदाच, एकाच दुपारी ही खोली उघडायला हवी होती हो. ती बंद ठेवायला आम्ही सगळा जोर लावला, आणि तुम्ही गेल्यावर ती कायमची उघडी.

त्या उन्हाळ्यात मात्र आम्ही जिंकलो. विधेयक लांबणीवर पडल्याची बातमी आली. रावसाहेबांची उघड्या जीपमधून मिरवणूक. फटाके असे की चारमिनारवरची कबुतरं थेट गोवळकोंड्याला जाऊन बसली. फळ्यावरचा माझा निषेध कुणीतरी पुसला, कॅन्टीनमध्ये मला बोलावून चहा पाजला. दुसऱ्या अपिलाची तरतूद शाबूत राहिली म्हणून रावसाहेबांनी प्रत्येकाच्या तोंडात लाडू कोंबला, माझ्याही. तो लाडू गिळताना मला जे झालं ते मी इथं वाढवून सांगणार नाही. एरवी सगळंच सांगतो.

कोर्ट उघडलं. न्यायाधीशांनी विचारलं, “तुमचा साक्षीदार?”

“वारला.”

“दुसरा कुणी?”

“नाही.”

न्यायाधीशांनी पेन उचललं. वाटणी झाल्याचा कोणताही पुरावा कोर्टासमोर आलेला नाही, असं त्यांनी निकालात लिहिलं. आणि ते खरं होतं. कोर्टासमोर आलाच नव्हता. दिगंबरच्या बाजूनं निकाल झाला.

बाहेर पायऱ्यांवर अजून मिरवणुकीच्या फटाक्यांचे लाल कागद पडले होते. अनसूयाबाई त्यातून वाट काढत खाली उतरत होत्या आणि मी मागोमाग बोलत होतो, थांबत नव्हतो, थांबलो असतो तर कोसळलो असतो. “बाई, धीर सोडू नका! हे शेवटचं नाही. आपण अपील करू. मी फुकट लढतो, एक पैसा नको. तिथं हरलो तर त्याच्यावर दुसरं अपील! ते दुसरं अपील बंदच करणार होते, तुम्हाला माहीत नाही, आम्ही एवढा उन्हाळा रस्त्यावर काढला तो कशासाठी? तुमच्यासारख्यांसाठीच! तो हक्क आम्ही वाचवलाय, बाई, तुमच्यासाठी वाचवलाय. हायकोर्टापर्यंत जाऊ, दिल्लीला जाऊ, दहा वर्षं लागू देत, मी आहे ना!”

त्या शेवटच्या पायरीवर थांबल्या. पदराला गाठ होती, ती सोडून आतलं काहीतरी काढून त्यांनी मुठीत धरलं.

“किल्ली कुणाकडं द्यायची, तेवढं सांगा.”